महानंदा सिस्टर आणि सात मिलिमीटरचं भोक

तक्रार करायला जाताना मी मुद्दे लिहून नेते. समोरचा माणूस गोड बोलला की आपण अर्ध्या गोष्टी विसरतो. नांदेडला बदली होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर उतरले, तेव्हा माझ्या चिठ्ठीवर चार मुद्दे होते : दुपारची घरघर, जिन्यात येणारा भुसा, जळक्या लाकडाचा वास आणि अडलेली पार्किंगची जागा.

पार्किंगच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा होता. आडोशात एक उंच, काटक बाई उभ्या ड्रिल मशीनपुढे काम करत होत्या. पांढरी सुती साडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा, तोंडावर दवाखान्यातला मास्क. माझ्याकडे न बघताच त्यांनी डावा हात वर केला. थांब. मी थांबले. मशीनचं टोकदार बिट लाकडात गेलं, वर आलं, भुसा झटकला गेला, पुन्हा आत गेलं, पुन्हा वर आलं. मग त्या लाकडाला म्हणाल्या, "साकु," आणि बटण बंद केलं.

"हां, वाच," मला म्हणाल्या. चिठ्ठी त्यांना दिसली होती.

मी चारही मुद्दे वाचले. त्यांनी मास्क खाली ओढून नीट ऐकले.

"चौथा खरा हाय. गाडी लावायला जागा करून देते. बाकीच्या तिन्हीवर औषध एकच. तू पण शीक. आपण केलेला आवाज आपल्याला ऐकू येत न्हाई."

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव यादीबाई ठेवलं. मी कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे, माझ्याशी लोक जरा जपून बोलतात. सिस्टर जपून फक्त लाकडाशी बोलायच्या.

महानंदा सिस्टर मूळच्या उदगीरच्या. माहेरी निम्मं बोलणं कानडीत चाले, त्यातला 'साकु', म्हणजे 'पुरे', एवढा एक शब्द त्यांनी आयुष्यभर सोबत ठेवला होता. पोरांना लस टोचून झाली की साकु, चहा ओतताना साकु, कोणी फार कौतुक करायला लागलं की साकु. नोकरीचा मोठा काळ त्यांनी इस्लापूर आणि किनवटकडच्या सरकारी दवाखान्यांत काढला. नवरा लवकर गेला. मुलगी शैला लातूरला दिलेली, तिथेच ज्युनिअर कॉलेजात शिकवते. निवृत्त झाल्यावर सिस्टरांनी नांदेडला हे घर घेतलं आणि मशीन आणली.

लाकडी पेनच का, असं मी एकदा विचारलं.

"डॉक्टर लोकांमुळं," त्या म्हणाल्या. "केसपेपरवर सही करायला माझा पेन मागायचे आणि आपल्या खिशाला लावून जायचे. एक डॉक्टर तर माझ्याच पेननं मला मेमो देऊन गेला, पेन घेऊन. मग मी पेनाला बँडेजची पट्टी बांधून टेबलाला अडकवून ठेवायची. तवाच ठरवलं, रिटायर झाल्यावर असा पेन करायचा की नेणाऱ्याला लाज वाटली पाह्यजे."

पेन करायचा म्हणजे आधी लाकडाचा बोटाएवढा चौकोनी तुकडा घ्यायचा, तो मधोमध कापायचा, दोन्ही भागांना आरपार भोक पाडायचं, भोकात पितळी नळी चिकटवायची आणि मग लेथवर फिरवून आकार द्यायचा. बघणाऱ्याला लेथ आवडतो. लाकडाचे कुरळे केस उडतात, आतून रंग निघतो. सिस्टरांचं सगळं लक्ष मात्र भोकावर असे. भोक सात मिलिमीटरचं. ते तिरकं गेलं की एका बाजूची भिंत पातळ होते आणि लेथवर फिरताना पेन फुटतो. "वरची साडी कितीही भारी नेस," त्या म्हणत, "आतलं हाड वाकडं तर चाल वाकडीच."

माझा पहिला तुकडा सागाचा होता. मी तो हातात घट्ट धरला आणि मशीनचा दांडा खाली ओढला. बिट आत शिरलं आणि थोड्या वेळानं तुकड्याच्या कुशीतून बाहेर आलं.

"शीर चुकली," सिस्टर म्हणाल्या. रागावल्या नाहीत. "पेशंटचा हात सुजला. पहिली गोष्ट, पोराला सुई टोचताना आई काय करते?"

"धरते."

"मग तू टोचणारी पण आणि धरणारी पण कशी काय? शिकंजा कशाला ठेवलाय?"

शिकंजा म्हणजे लोखंडी पकड. तुकडा तिच्यात उभा आवळायचा, हातानं कधीच धरायचा नाही. पण आवळण्याआधी मशीनची मेज ओळंब्यात आहे का ते बघायचं, कारण मेज कलती असेल तर कितीही निगुतीनं केलेलं भोक कलतंच येणार. त्यासाठी सलाइनचा एक जुना स्टँड कोपऱ्यात उभा असे, त्याला दोरा आणि दोऱ्याला पितळी वजन. रोज काम सुरू करण्याआधी दोरा बिटाशेजारी धरून बघायच्या. काल बघितलं होतं, असं मी म्हटलं की, "काल बीपी बघितलं म्हणून आज बघायचं न्हाई का?"

मग तुकड्याच्या डोक्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा, त्या जिथे छेदतात तिथे दाभणानं टोचा, आणि बिटाचं टोक त्या टोच्यात बसल्याशिवाय बटणाला हात नाही. आत गेल्यावर घाई नाही. जरा आत, वर काढ, भुसा झटक, परत आत. भुसा आत कोंडला की तापतो, लाकूड जळतं, चिरतं. "श्वास घेऊ दे त्याला," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ऑफिसात फायलींचा गठ्ठा घेऊन आलेल्या शिपायाला मी तेच म्हणून बसले.

बिटाला दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचं कडं असे. तिथपर्यंत गेलं की साकु. तुकडा लागतो त्याहून जरा लांबच ठेवायचा आणि बिट तळातून बाहेर काढायचंच नाही, कारण बाहेर पडताना ते कड उडवतं. तळाचा उरलेला भाग नंतर करवतीनं कापला की भोक आपोआप उघडं होतं. "बाळंतीण मोकळी करायची, फाडायची न्हाई," असं याचं त्यांचं वर्णन होतं, ते मी वहीत लिहिताना जरा सौम्य केलं.

भोक पाडलेले गरम तुकडे लगेच हाताळायचे नाहीत. ते निवायला ज्या खोक्यात पडत त्यावर 'बाळंतीण वॉर्ड' लिहिलेलं होतं. चिरलेले, गोंद भरून बांधून ठेवलेले तुकडे दुसऱ्या खोक्यात. तो आयसीयू. माझे सुरुवातीचे सगळे तुकडे आयसीयूत होते आणि सिस्टर सकाळी राउंड घेतल्यासारख्या खोक्यापुढे उभ्या राहून एकेकाची चौकशी करत. "हा कोणाचा? यादीबाईचा? घरच्यांना सांगून ठेवा."

एकदा हदगावकडचे एक शेतकरी आले. कधीकाळी त्यांच्या मुलाला सिस्टरांनी तापातून वाचवलं होतं. त्यांच्या पिशवीत पऱ्हाटी होती, कापसाचं वाळलेलं झाड.

"सिस्टर, तुम्ही शिसवीचे करून राहिल्या, सागाचे करून राहिल्या. आमच्या पऱ्हाटीचा पेन करून दाखवा."

"पेटवायची काडी हाय ती, पाटील."

"म्हणूनच तर म्हणून राहिलो."

सिस्टरांनी सगळ्यात जाड बुंधा निवडला. पऱ्हाटीच्या पोटात मऊ गाभा असतो, तोही ऐन मधे नसतो. बिट जरा आत गेलं आणि त्या मऊ गाभ्याकडे झुकलं. सिस्टरांनी लगेच मशीन बंद केली आणि मला जवळ बोलावलं.

"बघितलंस? मऊ दिसलं की तिकडंच झुकतं. माणसासारखंच. म्हणून लाकडाचे दोरे, या उभ्या रेषा, बघून तुकडा निवडायचा, गाठ न्हाई बघायची फक्त, मऊपण पण बघायचं." मग पाटलांकडे वळून, "तुमच्या पऱ्हाटीनं माझं नाक कापलं. चहा घ्या."

पाटील खूश होऊन गेले. सिस्टरांना जे जमलं नाही ते आपल्या शेतात पिकतं, ही बातमी त्यांनी गावभर केली असणार.

सिस्टरांची आणखी एक रीत होती, ती मी इतर कुठे पाहिली नाही. तुकडा मधोमध कापण्याआधी त्यावर खूण करावी लागते. नाहीतर कोणता भाग वरचा, कोणता खालचा आणि कोणतं तोंड मधलं हे कळत नाही आणि तयार पेनावरच्या लाकडाच्या रेषा जुळत नाहीत. लोक पेन्सिलीनं खूण करतात. काळ्या शिसवीवर पेन्सिल दिसत नाही. सिस्टर विभूतीचा गोळा घेत आणि तुकड्याच्या बरोबर पोटावर तीन आडवे पट्टे ओढत. करवत दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्याच्या मधून जाई. दोन पट्टे राहिले तो टोपणाचा भाग, एक राहिला तो निबेचा, आणि पट्टे ज्या टोकाला तिथून भोक सुरू करायचं. "खडू उडतो," त्या म्हणत, "विभूती बसते. आणि देवाचं नाव पण होतं. एका कामात दोन कामं."

सगळं असं छान चाललेलं असताना त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा देताना. बशीत चहा सांडायचा आणि त्या म्हणायच्या, "बशीतच पितात की चहा." मग दाभणाचा टोचा रेघांच्या छेदावर बसेना. माझ्या लक्षात आलं. मी टोचा मारायचं काम माझ्याकडे घेतलं. त्यांनीही दाभण माझ्या हातात दिलं.

शैलाच्या लक्षात यायला मात्र एक कप पुरला. ती नांदेडला एका लग्नासाठी आली होती, सोबत तिच्या सासूबाई कलावतीबाई. म्हणजे सिस्टरांच्या विहीणबाई. ठेंगण्या, रुंद, इरकल नेसणाऱ्या, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी न घेणाऱ्या.

संध्याकाळी चहाचा ट्रे खाली ठेवता ठेवता बशा वाजल्या आणि शैला म्हणाली, "आई, मशीन बंद."

"का बरं?"

"बोट जाईल. त्यात तू एकटी राहतेस."

"माझा हात कापतो, मशीन न्हाई कापत. तुकडा शिकंज्यात असतो."

बराच वेळ असंच चाललं. शेवटी शैलानं तोडगा काढला. ती गणित शिकवते, तिला परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. "उद्या दुपारी आम्ही निघायच्या आत माझ्यासमोर एका पेनाची भोकं पाड. एकटीनं. दोन्ही भोकं सरळ आली तर मी कधी विषय काढणार नाही. नाहीतर मशीन विकायची."

"कबूल," सिस्टर म्हणाल्या.

मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा मात्र हळूच म्हणाल्या, "यादीबाई, मशीन गेली तर मी दिवसभर काय करू गं? टीव्हीतल्या सासवा बघत बसू?" हसल्या, पण हात पदरात गुंडाळलेला होता.

त्यांच्याकडे वाळलेला, सरळ दोऱ्याचा शिसवीचा एकच तुकडा उरला होता, एका जुन्या पलंगाच्या पायातून काढलेला. सकाळी लवकर उठून त्यांनी तो घासून गुळगुळीत केला, विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेमधे उभा करून खिडकीत ठेवला. मग आंघोळीला गेल्या.

मी धीर द्यायला म्हणून खाली आले तेव्हा त्या ओल्या केसांनी खिडकीसमोर खिळून उभ्या होत्या. ट्रेमधे पाणी साचलं होतं. पाण्यात शिसवीचा तुकडा, त्याच्या डोक्यावर बेलाचं पान, पायाशी जास्वंद, चार अक्षता आणि उदबत्तीचा धूर. पट्टे पुसले गेले होते. ते विहीणबाईंच्या कपाळावर होते.

"सिस्टर," विहीणबाई भरल्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या घरी एवढं जागृत शिवलिंग हाय आणि मला इतक्या वर्षांत सांगितलं न्हाई तुम्ही."

शैला तोंडावर रुमाल दाबून स्वयंपाकघरात पळाली. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं.

विहीणबाई त्या, त्यांना रागावता येत नाही. सिस्टरांनी आधी नमस्कार केला, मग तुकडा उचलून पुसला, आणि मग अतिशय अदबीनं सांगितलं की हा पेन आहे, म्हणजे व्हायचा आहे.

"पूजा झालेल्याला करवत लावणार?"

"विहीणबाई, नातवाचे कान टोचले तवा मांडीवर कोण घेतलं होतं?"

"मी."

"पोरगं म्हणजे देवाचं रूप, असं कोण म्हणलं होतं?"

"मीच."

"मग देवाचे कान टोचले की आपण. हे पण तसंच. टोचून घेतलं की शहाणं होतंय, लिहायला लागतंय."

विहीणबाईंनी विचार केला. "पण मग पट्टे मी ओढणार," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी वर, कपाळ असतं तिथे ओढले.

"जरा खाली, विहीणबाई. पोटावर."

"पोटावर कोण विभूती लावतंय?"

"अंगभर लावतात की. तुमच्या सासऱ्यांना विचारा."

"ते कैलासवासी झालेत."

"म्हणून तर म्हणते, त्यांना पक्कं म्हाईत असणार."

तुकडा कापून झाला. पाणी वरवरचंच होतं, मुरलेली शिसव पाणी पीत नाही. ओळंबा बघून झाला. दोन पट्ट्यांचा भाग शिकंज्यात उभा राहिला. टोचा सिस्टरांनी स्वतः मारला, तिसऱ्या प्रयत्नात. शैला हाताची घडी घालून उभी. सिस्टरांनी दांड्यावर उजवा हात ठेवला आणि हात थरथरायला लागला. दांडा वाजत होता. बिटाचं टोक टोच्याच्या आजूबाजूला नाचत होतं, आत बसत नव्हतं. त्यांनी हात काढला, पदराला पुसला, परत ठेवला. पुन्हा तेच.  

तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या. "कान टोचताना पोराला कोणीतरी धरावं लागतंय ना," असं म्हणून त्यांनी सिस्टरांच्या हातावर आपला हात ठेवला. ज्वारीच्या भाकरी थापून रुंद झालेला, जड हात. दांडा वाजायचा थांबला. टोक टोच्यात बसलं.

"आता बटण दाब गं, यादीबाई."

दोघींनी मिळून दांडा खाली ओढला. आत, वर, भुसा, पुन्हा आत. विहीणबाई जोरात रेटायला लागल्या की सिस्टर ओरडत, "भाकरी न्हाई ती!" आणि विहीणबाई म्हणत, "मग सांगा की नीट, तुम्ही एवढ्या शिकलेल्या." चिकटपट्टीचं कडं आलं. "साकु!" दोघी एकदम म्हणाल्या. कलावतीबाई लातूरच्या, पण त्यांचीही आजी सीमेपलीकडचीच असणार.

दुसरा भागही तसाच झाला. दोन्ही भाग निवल्यावर तळ कापले आणि सिस्टरांनी पितळी नळी भोकाच्या तोंडाशी ठेवली. ठोकावी लागली नाही, घासावी लागली नाही. आपल्याच वजनानं सरकली. भिंत चारी बाजूंनी सारखी होती.

"सरळ हाय," सिस्टर लेकीला म्हणाल्या.

"सरळ आहे," शैला म्हणाली. "पण मी एकटीनं म्हटलं होतं. हात दोघींचे होते."

सिस्टरांनी वाद घातला नाही. तोंडावरचा मास्क काढून नीट घडी घातली. "हाव. नापास," त्या म्हणाल्या. "मशीन न्हाई मी एकटीनं चालवू शकत."

शैला आईकडे बघत राहिली, मग सासूकडे. कलावतीबाई दांडा धरून पुन्हा एकदा वरखाली करून बघत होत्या, मशीन बंद असताना.

"मग विकायची कशाला?" त्या वर न बघता म्हणाल्या. "आपल्याकडं लातूरला खालची खोली रिकामी पडलीय. मशीन न्यायची आणि विहीणबाईंना पण न्यायचं. दुसरा हात तिकडंच हाय की."

"लेकीच्या सासरी जाऊन ऱ्हाऊ मी?" सिस्टर म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना एक एक पेन द्या."

पंधरवड्यातच टेम्पो आला. मला पार्किंगची पूर्ण जागा मिळाली, दुपार शांत झाली, जिना स्वच्छ राहायला लागला. चिठ्ठीतले चारही मुद्दे निकाली निघाले आणि मला दुपारी झोप येईनाशी झाली.

सिस्टर त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत लातूरला माहेरी गेले होते तेव्हा. दुपारी त्यांच्या गल्लीत शिरले तर घरघर लांबूनच ऐकू आली. खालच्या खोलीचं दार उघडं होतं. मशीनपुढे स्टुलावर उभ्या राहून, इरकलीचा काचा मारून, डोळ्यांवर नातवाचा पोहायचा चष्मा लावून कलावतीबाई एकट्याच भोक पाडत होत्या. सिस्टर शेजारी उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून. पाठीमागे ते हात एकमेकांना घट्ट धरून होते, तरी थरथरत होते. पण तोंड थकलेलं नव्हतं.

"वर काढा, वर काढा! काय, तेवढ्यात झोप लागली का?"

"तुमचं ऐकत बसले तर संक्रांत येईल."

मशीन थांबली. कलावतीबाईंनी तळ कापला, भोकात फुंकर मारली आणि तुकडा सिस्टरांच्या डोळ्यासमोर आडवा धरला. सिस्टरांनी एक डोळा मिटला, दुसरा भोकाला लावला आणि दाराकडे, उजेडाकडे वळल्या. दारात मी होते. लाकडातून एक काळाभोर डोळा माझ्याकडे बघत होता.

"कोण हाय? यादीबाई काय? अर्धीच दिसलालीस गं. जरा डावीकडं सरक."

मी पिशवीसकट डावीकडे सरकले.

"अजून थोडी. हां. आली बघा मधोमध."